प्लग खिशात

सोमशेखर अकरा वर्षं हंबीररावांच्या शेजारी राहिले, पण खरं सांगायचं तर त्यांना हंबीरराव फारसे कळले नाहीत. माणूस शाहूवाडीकडचा, कागलच्या एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त झालेला, आणि दहाही बोटं शाबूत. ही बोटं ते चहाला आलेल्या पावण्यालाही दाखवायचे.

कॉलनीच्या बागेतल्या गवत कापायच्या मशीनला धार लावायचं काम त्यांच्याकडं होतं. आधी ते मशीनची वायर काढायचे, प्लग सदऱ्याच्या खिशात कोंबायचे आणि वायरीची शेपटी ओढत बागभर फिरायचे.

"माकड दिसताय," त्यांची बायको बायडाबाई म्हणायची.

"दहा बोटांचं हाय की."

मग जाड हातमोजे घालून, पातं शिकंज्यात धरून, धारेच्या जुन्या उतारानंच कानस चालवायची. शेवटी पातं मधल्या भोकातून खिळ्याला टांगायचं. जी बाजू खाली झुकेल ती अजून घासायची.

२००६ च्या खंडेनवमीला पूजेआधी धार लावून झाली. "मास्तर, पातं बसवा आणि नट पान्यानं आवळा," असं सांगून हंबीरराव अंघोळीला गेले. वायरीचं वेटोळं न्हाणीत सोबत नेलं.

सोमशेखर पोस्टात मास्तर होते. जन्मात नट आवळला नव्हता. पाना सापडेना, आणि बायडाबाईला विचारायचा धीर होईना. त्यांनी नट हातानंच फिरवला.

मशीनला हळदकुंकू लागलं, हार चढला, नारळ फुटला. पूजा झाली की मशीन क्षणभर चालवून दाखवायची पद्धत. वीस माणसं मशीनभोवती उभी.

"चालू करा की," सोमशेखरांची बायको मल्लव्वा म्हणाली.

हंबीररावांनी वायर हातात घेतली. "मास्तर, नट आवळलाय न्हवं?"

वीस जणांसमोर नाही म्हणायची सोमशेखरांना लाज वाटली. "आवळलाय," ते म्हणाले. मल्लव्वाचे पाय मशीनपासून हातभर अंतरावर होते.

हंबीररावांनी मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं. वायर परत खिशात घातली, मशीन आडवं केलं आणि काठीनं पातं ढकललं. ते खडखडलं.

"हार अडकलाय," ते मोठ्यानं म्हणाले. "देवाला म्हणावं, पाच मिनिटं दम धर."

मग खाली वाकून हळूच, "पाना मागायला लाज वाटली व्हय? कुणाचं बोट गेलं असतं तर ते कुणाकडं मागणार हुता?" असं म्हणत त्यांनी खिशातून पाना काढला. काढला आणि त्याच्याकडं बघतच राहिले.

"माझ्याच खिशात हुता की."

दोघांनीही हे कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी हंबीरराव लेकीकडं नेसरीला चार दिवस म्हणून गेले आणि तिथंच वारले. निघताना फाटकापाशी थांबले होते. सोमशेखर धार लावायला मशीनजवळ बसले होते.

"प्लग?"

"खिशात."

"पाना?"

"हातात."

"मग येतो."