शांतवन यायचा आणि नुसता बसायचा

दुकानात टॉवेलांचे गठ्ठे बांधत होतो तेव्हा फोन आला. शांतवनच्या शेजारणीचा. भाऊंना मोटारीनं उडवलंय, सरकारी दवाखान्यात नेलंय, रूथवहिनी पुढं गेल्यात, तुम्ही या, असं तिनं सांगितलं. मी ‘बरं’ म्हणालो, फोन खाली ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा गठ्ठा बांधून पुरा केला. सुतळीची गाठ ओढून पाहिली. रंग जाणार नाही, असंही त्याला सांगितल्याचं आठवतं. तो पायरी उतरून गेला आणि मी तिथंच उभा राहिलो... मोटारीनं? शांतवनला? इतक्या तऱ्हेची मरणं असताना त्याच्या वाट्याला नेमकं हेच यावं? आज काही आठवडे झाले, पण मी अजून तिथंच उभा आहे.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेलेला होता. शनिवार होता. दर शनिवारी सकाळी तो सायकलवरून चर्चला जायचा, रविवारच्या उपासनेसाठी बाकं पुसून ठेवायचा. हमरस्त्यावर मागून मोटार आली, चालवणाऱ्याचा डोळा लागला होता. तो माणूस पळून गेला नाही. त्यानंच शांतवनला उचलून आपल्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात आणलं. पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी व्हरांड्यातल्या बाकावर एक चाळिशीचा माणूस दिसला, त्याच्या शर्टावरचं रक्त दिसलं, आणि मी जाऊन त्याची गचांडी धरली. त्यानं माझे हात सोडवलेसुद्धा नाहीत. शेवटी पोलिसानं मला बाजूला ओढलं. शांतवनची बायको, रूथवहिनी, भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. एवढा आरडाओरडा झाला तरी त्यांनी मान वर केली नाही.

शांतवन आणि मी एका वर्गातले. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांचं, तेलुगू बोलणारं. आणि तो चर्चमागच्या चाळीतला. त्याचे वडील तिथंच शाळेत शिपाई होते. आमच्या घरी येऊन येऊन तो इतकं तेलुगू शिकला, की माझी आई ‘अन्नं तिन्नावा?’ म्हणून आधी त्याला विचारायची, जेवलास का म्हणून, आणि मग मला. नाताळात त्यांच्याकडचा फराळ आमच्याकडं यायचा आणि दिवाळीत आमचा त्यांच्याकडं. पुढं मी वडिलांचा चादरींचा धंदा हाती घेतला, आणि त्यानं ड्रायव्हिंगचं लायसन काढलं. मग आमच्या टेम्पोवर दुसरा कोण बसणार? गावोगावचे बाजार आम्ही दोघांनी मिळून केले. तो गाडी चालवताना गायचा, मोठ्यानं, चर्चमधली गीतं आणि मध्येच तमाशातली लावणी, एकामागून एक, काही भेद न करता. गाडी सुरू करण्याआधी मात्र स्टेअरिंगवर हात ठेवून डोळे मिटायचा. मी म्हणायचो, अरे ब्रेक तपासलेस तरी पुरे. तो हसायचा आणि म्हणायचा, ते बी तपासलेत.

त्या दिवशीही तपासले होते. हे मी कोर्टात सांगितलं, आणि आज पुन्हा सांगतो, कारण शेजारच्या सीटवर मीच बसलो होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली, मंद्रूपचा बाजार उरकून आम्ही परत निघालो होतो. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. तिच्या मागून एक लहान मुलगी पळत आली. गाडीला वेग नव्हता. त्यानं ब्रेक दाबला... तरी ती चाकाखाली सापडली. मला आजही तो आवाज लिहिता येत नाही. शांतवन उडी मारून खाली गेला, तिला उचलून त्यानं छातीशी धरलं. लोक जमले. त्यांनी त्याला मारलं, पाठीवर, डोक्यावर, हातात येईल त्यानं. आणि तो मार खात होता तसाच उभा राहून एवढंच म्हणत होता, आधी दवाखान्यात चला, मग मारा. सोलापूरपर्यंत पोर त्याच्याच मांडीवर होती. टेम्पो मी चालवला. शहरात शिरता शिरता त्यानं मला हळू चालव म्हणून सांगितलं. आता घाई करण्यासारखं काही उरलं नाही, हे मी त्यावरून समजलो.

कोर्टात तो निर्दोष सुटला, पण खूप नंतर. त्याआधीच त्यानं लायसन कपाटात ठेवून दिलं होतं, आणि सुटल्यावरही ते बाहेर काढलं नाही. माझ्याच गोदामात चादरींच्या घड्या घालायला बसू लागला. गाणं बंद. जेवण नावाला. दोन-तीन महिने तर तो चर्चलाही गेला नाही. त्यांचे म्हातारे पाळकसाहेब, म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू, तेवढे घरी यायचे. मला वाटायचं, हे आता उपदेश करतील. एकदा मी तिथंच होतो, तर ते आले, सलाम केला, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले. निघताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला, एका वाक्याची प्रार्थना केली आणि गेले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मला राग यायचा. माणूस आतून खचत चाललाय आणि हे नुसते येऊन बसतात!

त्याच रागात एकदा मी गोदामात त्याला विचारलं, की तू रोज गाडी सुरू करायच्या आधी ज्याच्यापुढं डोळे मिटायचास, तो त्या दिवशी काय करत होता? विचारलं आणि वाटलं, हे विचारायला नको होतं. शांतवननं हातातली चादर पुरी घडी घालून थप्पीवर ठेवली.

‘मी त्येला रोज हेच इचारतो, शिनू,’ तो म्हणाला. ‘तो उत्तर देत न्हाय... पर उठून बी जात न्हाय. पाळकसाहेबांसारखा बसून ऱ्हातो. तेवढ्यावरच मी उभा हाय.’

माझा त्याच्या धर्माशी संबंध फराळापुरता. पण हे वाक्य मी विसरलो नाही. त्यानंतरच्या रविवारी तो चर्चला गेला, सगळ्यात मागच्या बाकावर बसला. पुढं कित्येक महिने तो गीतात तोंड उघडत नव्हता, असं रूथवहिनी सांगायच्या. इतरांचं ऐकायला जातो, म्हणायचा. आपल्याला विश्वास ठेवता येत नसेल तेव्हा शेजारच्याच्या विश्वासावर तेवढा दिवस ढकलायचा, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर त्याचा शोक कधी संपला नाही. लहान मूल रस्त्यानं चालताना दिसलं की तो थांबायचा, ते पलीकडं पोचेपर्यंत हलायचा नाही. पण तो जगू लागला. हळूहळू हसूही लागला.

त्या मुलीच्या घरीही तो गेला होता. मी सोबत होतो. बाप शेतावर होता, आई दारात आली. शांतवननं हात जोडले. ती शांतपणे म्हणाली, ‘तुमची चूक न्हवती ते मला म्हाईत हाय. पर तुमी येऊ नका. तुमाला बगितलं की तो दिवस पुन्ना येतो.’ आम्ही परत फिरलो. मला वाटलं, आता हा पुन्हा अंथरूण धरणार. पाळकसाहेबांनी त्याला समजावलं, की नको म्हणण्याचा त्या बाईला पुरता हक्क आहे, माफी ही काही मागून वसूल करायची गोष्ट नाही. तो पुन्हा कधी त्या दारात गेला नाही. तिच्या मुलीसाठी आणि तिच्यासाठी रोज प्रार्थना मात्र करायचा, तिला कळू न देता.

आणि मग ते सुरू झालं, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. ट्रक थांबतात त्या नाक्यावर एका ड्रायव्हरच्या गाडीखाली मोटारसायकलवाला आला. ड्रायव्हर जामिनावर सुटून घरी आला आणि दार लावून बसला. त्याच्या भावाला कुणीतरी शांतवनबद्दल सांगितलं होतं, तो गोदामात येऊन म्हणाला, तुम्ही जरा येता का? शांतवन गेला. दुपारी गेला तो दिवेलागणीला आला. काय बोललास, म्हणून मी विचारलं. म्हणाला, काय बोलणार, बसलो. पुढं अशी बोलावणी येत राहिली. कुंभारीहून, अक्कलकोट रस्त्यावरून, कुठल्या कुठल्या गावांतून. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, बौद्ध होते. चूक नसलेले होते, तसे चूक असलेलेही, आणि त्यांना तो चूक नाही असं कधी सांगायचा नाही. ज्याच्या हातून माणूस मेलंय त्याच्याकडं कुणी जात नाही, शिनू, म्हणायचा. सगळे मेलेल्याच्या घरी जातात, आणि तेच बरोबर हाय, पर ह्याच्याकडं बी कुणीतरी जायला पायजे. चहा ठेवायला सांगायचा, त्या माणसाला जबरदस्तीनं दोन घास खायला लावायचा. कुणी म्हणालं तरच प्रार्थना करायचा. धर्माचं पुस्तक पिशवीतून कधी काढायचा नाही.

असा माणूस... आणि त्याला मोटारीनं उडवलं. आता कळेल, मी त्या दिवशी गठ्ठा का बांधत राहिलो ते. डोक्यात ते शिरेचना.

अंत्यविधीला नाक्यावरचे ड्रायव्हर आले होते, चर्चच्या आवारात मावत नव्हते. मंद्रूपहून कुणी आलं नाही. मी फाटकाकडं बघत होतो, पण कुणी आलं नाही. रूथवहिनी रडल्या नाहीत. चर्चच्या बायका रोज संध्याकाळी घरी येऊन गीतं म्हणायच्या. एका संध्याकाळी वहिनींनी हात वर केला आणि म्हणाल्या, गाऊ नका, माझ्या कानाला सोसंना. बायका गप्प झाल्या, पण उठून गेल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत तशाच बसून राहिल्या, दुसऱ्या दिवशीही आल्या. मी दारातून हे बघत होतो, आणि गोदामातलं त्याचं बोलणं मला त्या वेळी जरासं समजलं.

तीन आठवड्यांनी वहिनी दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, त्या माणसाच्या गावी न्या. मोटारवाल्याचं नाव नवनाथ, उजनी धरणाच्या पाण्याकाठी केळीची बाग करणारा. मी सरळ नाही म्हणालो. माझ्या हातात अजून त्याची कॉलर होती. त्या म्हणाल्या, मग मी बसनं जाते. शेवटी मी गाडी काढली.

धरणाच्या पाण्यावर विजेचे पंप चालू होते, बाग हिरवीगार, आणि घरात कुणी मेल्यासारखी शांतता. आम्ही कोण ते कळताच नवनाथची बायको मागं सरली. तो आतल्या खोलीतून बाहेर येत नाही, जेवत नाही, म्हणाली. वहिनी आत गेल्या. मी उंबऱ्यावर थांबलो. त्यांना बघून तो धडपडत उठला आणि त्यांच्या पायाशी वाकू लागला, तशा त्या चटकन मागं झाल्या. त्यांचं तोंड असं झालं, की मला वाटलं आता ह्या ओरडतील, किंवा निघून जातील. त्यांनी भिंत धरली.

‘मी माफ करायला आले न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘ते मला आजून जमंना. खोटं कशाला बोलू... पर ते असते तर तुमच्याकडं आले असते. ते न्हाईत, म्हणून मी आले.’

आणि त्या खाली बसल्या, त्याच्यापासून हातभर अंतरावर. तो ढसाढसा रडला. त्यांनी त्याला थांबवलं नाही. नंतर त्यानंच विचारलं, तुमच्यात प्रार्थना करतात ना, माझ्यासाठी कराल का? वहिनींनी डोळे मिटले. ओठ हलले. आमच्या सगळ्यांच्या देखत ती बाई देवापुढं शब्द शोधत होती. शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘प्रभू, हितं ये.’ आणि मग त्यांना रडू आलं, शांतवन गेल्यापासून पहिल्यांदा. नवनाथच्या बायकोनं भाकरी केली. ती वहिनींनी आणि नवनाथनं खाल्ली. मला जाईना. मी बाहेर बागेत जाऊन उभा राहिलो.

त्या माणसाबद्दलचा माझा राग गेला का? नाही. त्याच्यावर खटला आहे, तो चालू दे, असं वहिनीही म्हणतात. मी देवाशी भांडतो, आमच्याही आणि शांतवनच्याही.

मागच्या सोमवारी मी वहिनींकडं बसलो होतो. शांतवनचा फोन अजून त्यांच्याजवळ चालू आहे. तो वाजला. पलीकडं कुणी अनोळखी ड्रायव्हर होता, आवाज घोगरा, घाबरलेला. शांतवनभाऊ आहेत का, विचारत होता. वहिनींनी डोळे मिटले. मी फोन घेण्यासाठी हात पुढं केला, पण त्यांनी तो दिला नाही.

‘ते न्हाईत,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी कुटं हाय ते सांगा.’

त्यांनी गावाचं नाव ऐकलं, पायात चपला घातल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी गाडीची किल्ली घेतली. गाडीत बसलो आणि सुरू करण्याआधी, का कोण जाणे, माझा हात स्टेअरिंगवर तसाच राहिला. थोड्या वेळानं आम्ही निघालो.