भिंतीतली खाडी

कासार आंबोलीला घर बांधलं तेव्हा बांधकामातलं सगळं मला कळतं, असा माझा समज होता. तो अजून पुरता गेलेला नाही, फक्त घरात त्याला आता कोणी विचारत नाही. अख्खं गाव दगड भरडून केलेली क्रशची वाळू वापरत असताना मी सासुरवाडीच्या खाडीतली वाळू मागवली. ट्रक ताम्हिणी घाट चढून आला. बायकोच्या माहेरची वाळू तिच्या स्वतःच्या घराच्या भिंतींना, ह्यात मला काहीतरी फार रसिक वाटलं होतं.

गावातल्या गवंड्यानं चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकला. "सायेब, खारी हाय ही. धुतल्याबिगर लावायची न्हाई."

"घाटात पावसानं धुतली की," मी म्हणालो.

"मंग काय. तुमी शिकलेली मानसं."

पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या खोलीतली भिंत घामेजायला लागली. गळत नव्हती, ओलही चढत नव्हती. कपाळावर यावेत तसे थेंब यायचे आणि काही तासांनी आपोआप जायचे. पाणी खारट होतं. हे मला कसं कळलं ते विचारू नका. मी एकटाच होतो खोलीत.

गेल्या वर्षी सासरे आमच्याकडे राहायला आले. जन्मभर त्यांनी खाडीवरच्या लॉन्चच्या धक्क्यावर तिकिटं फाडली. एकटे असताना न्हाणीत पडले, म्हणून बायकोनं त्यांना उचलूनच आणलं. बाथरूम लागून आहे म्हणून त्यांना तीच खोली दिली. चौथ्या दिवशी दुपारच्या चहाला त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भरती लागली."

आमच्या आणि समुद्राच्या मध्ये आख्खा सह्याद्री आहे. आम्ही हसलो. मग मी कशाला तरी त्यांच्या खोलीत गेलो, तर भिंतीवर थेंब फुटत होते.

मी असल्या गोष्टी मानत नाही. म्हणूनच मोबाइलवर त्या खाडीचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उतरवून घेतलं आणि आठवडाभर गुपचूप ताडून पाहिलं. सासरे रोज आधल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा "भरती" म्हणत आणि वेळ बरोबर असे. भिंतही बहुतेकदा त्यांच्या मागोमाग ओली होई. सातव्या दिवशी भर दुपारी, सगळे दिवे लावून मी बायकोला हे सांगितलं.

"अहो, एक जण पुरे आहे," ती म्हणाली. "तुम्ही सुरू होऊ नका."

तिला हसू येण्याचे दिवस नव्हते. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी भर पावसात छत्री घेऊन गल्लीत एक गाडी अडवली. शेजारच्या बंगल्यावर शनिवार-रविवार काढायला आलेलं कुटुंब होतं. "वर घ्या गाडी, पाणी चढतंय," म्हणून हे बॉनेटवर हात आपटत उभे. ब्रेक वेळेवर लागला. त्यानंतर बायकोनं दोन रात्री रडून घेतलं आणि मुठ्याजवळच्या एका वृद्धाश्रमाला फोन केला. तिथल्या बाई शनिवारी येऊन सासऱ्यांशी बोलणार होत्या. त्यांना ठीक वाटलं तर सोमवारी न्यायचं. बॅग भरून झाली होती. सासऱ्यांनी ती पाहिली आणि काही विचारलं नाही. ते फार वाईट होतं.

शुक्रवारी मुलगी घरी आली. ती समुद्राच्या तळच्या गाळाचा अभ्यास करते. म्हणजे गाळातल्या फोरॅमिनिफेरा नावाच्या जिवांचा. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती कवचाचं घर बांधतो, तेही खोलीला खोली जोडत. मी चार वर्षं नातेवाइकांना 'ती शंखांमध्ये आहे' एवढंच सांगत आलो होतो. तिनं भिंतीचा पोपडा खरवडला, कुटला, बारीक चाळणीत धुतला, वाळवला आणि सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या काचेवर पसरला.

"बाबा, ये बघ."

मी डोळा लावला. वाळूचे खडे, आणि त्यांच्यामध्ये पांढरी वेटोळी. इवलाले शंख, मण्यांच्या पुंजक्यांसारखे काही, चिनी मातीच्या बोंडांसारखे काही. प्रत्येकाला एक तोंड, अंगभर सुईच्या टोकाहून बारीक भोकं. डोळे नसलेली ती सगळी माझ्याकडे बघत होती. मी मान मागे घेतली आणि सहज म्हणून खोलीच्या चार भिंतींकडे पाहिलं. मग खुर्ची जरा मधोमध ओढली.

"ही खाडीच्या मुखाजवळची," ती सांगत होती. "खाडीत आत गेलं, मीठ कमी झालं की ही दिसत नाहीत. तिथं दुसरी असतात, वाळूचे कण चिकटवून घर करणारी. बाहेर खोल पाण्यात आणखी वेगळी. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. पाणी जरा बदललं की तिथं नांदतच नाहीत." भिंतीतलं मीठ हवेतली वाफ ओढतं, म्हणून घाम, भरतीशी संबंध नाही, असंही तिनं सांगितलं. "मग वेळ कशी जुळते?" मी विचारलं. ती म्हणाली, "योगायोग." पण तीही खुर्ची ओढून माझ्या बाजूला आली.

सासऱ्यांनी बराच वेळ काचेत पाहिलं. "ही आमच्या धक्क्याखालची," एवढंच म्हणाले. बायको दारात उभी होती. 'नांदत नाहीत' हे तिनं ऐकलं होतं.

शनिवारी दुपारी बाई आल्या. सभ्य, मांडीवर फाइल.

"आजोबा, आज तारीख काय?"

"तारीख कॅलेंडरात असेल. तिथी दशमी. तिथीची पाऊणपट करायची, बाई. साडेसातला भरती, म्हणजे आत्ता दीडला पाणी पार खाली. हे धक्क्यावरच्या कुत्र्यालासुद्धा येतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या लहानपणी हे गणित रोज घरात व्हायचं. तीच विसरली होती. मी मोबाइलवरचं वेळापत्रक आठवून खाली पाहिलं. एका गुणाकाराला मी आठवडाभर घाबरलो होतो.

"छान," बाई म्हणाल्या. "घरात कोण कोण असतं?"

"ही, जावईबापू, नात आली तर नात," सासऱ्यांनी बोटांवर मोजलं. "आणि भिंतीतली मंडळी."

पेन थांबलं. बायकोचा चेहरा उतरला. मुलीनं सूक्ष्मदर्शक उचलून टेबलावर बाईंसमोर ठेवला. त्यांनी वाकून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग फाइल मिटली आणि साडीचा पदर भिंतीपासून अलगद दूर घेतला.

"तुम्ही उगाच आलात," बायको त्यांना म्हणाली. "बाबा इथंच राहतील. गल्लीकडच्या फाटकाला कुलूप लावू आम्ही. मी बघीन." आणि तिथंच, त्यांच्यासमोर, बॅगेतून बनियनं काढून कपाटात ठेवायला लागली. सासरे खिडकीबाहेर पाहत होते.

मी बाईंना सोडायला दारापर्यंत गेलो. चप्पल घालताना त्यांनी हळूच विचारलं, "ती... जिवंत नसतात ना आता?"

"छे हो," मी म्हणालो. "नुसती रिकामी कवचं."

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "थांबा बाई. विचारून सांगतो."