पाण्यावरचं कुलूप

ईरा आणि अर्णव,

मागच्या रविवारी ईराने फोनवर तिच्या कॉलेजातली एक गोष्ट सांगितली. तुमच्या त्या देशात मूळ रहिवाशांच्या वस्तीत एक दवाखाना आहे म्हणे. तिथे डॉक्टर आणि धुरी देणारी त्यांची म्हातारी एकाच खोलीत बसतात, आणि पेशंट दोघांनाही दाखवतो. "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का गं?" तिने विचारलं. मी "हो, थोडंफार" म्हणाले आणि जेवणाचं विचारलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. पण तेव्हापासून ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहून काढते आहे. मासिकाच्या या सदराला पाठवते आहे, कुणाला काही सुचलं तर कळवतील. मराठी जड गेलं तर बाबाकडून वाचून घ्या.

तुमची आजी कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे. मिठाच्या बरणीलाही लेबल लावणारी! डॉक्टरकी औरंगाबादला इंग्रजीतून शिकले. आमच्या भागात भानामतीची प्रकरणं पुष्कळ. पण घुमणारी बाई समोर आणली की मी आधी तिचं हिमोग्लोबिन तपासायची. अतर्क्य म्हणावं असं माझ्या आयुष्यात काही नाही... हे एक सोडून.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कागदांवरचं उस्मानाबाद खोडून आम्ही लातूर लिहायचो. माझी नेमणूक चाकूरपासून थोडं आत असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. इमारत म्हणजे निजामाच्या वेळची चावडी. जाड दगडी भिंती, तीन खोल्या, दोन खिडक्या — त्याही पुढच्या बाजूला. मागच्या अंगाला नुसती भिंत. जिल्हा नवा म्हणून साहेब नवे, बैठका रोजच्या, आणि आमची एकुलती जीप त्या बैठकांना लातूरला. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. गावाला पाणी टँकरने यायचं.

त्या टँकरच्याच केबिनमध्ये बसून पार्वती आली. पहिलटकरीण, शेजारच्या वाडीची सून. आदल्या दिवसापासून कळा देत होती. बरोबर सासू, आणि एक उंच, काळीसावळी म्हातारी — कपाळाला भस्म, तोंडात पान. ही राजव्वा, पार्वतीच्या आईची मावशी. धर्माबादकडची सुईण. बाळंतपणासाठी म्हणून त्याच दिवशी सकाळी चाकूरला बसमधून उतरली होती.

मी तपासलं. बाळाचं डोकं आडवं अडकलं होतं आणि कळा मंदावत चालल्या होत्या. सीझरची सोय लातूरला. मी टँकरच्या ड्रायव्हरला सांगितलं, "पाणी राहू दे, आधी चाकूरला जाऊन मिळेल ती गाडी पाठव." मग सलाइन लावलं.

"मला आत येऊ दे की," राजव्वा दारातून म्हणाली. "शंभर पोरं काढली ह्या हातानं."

"हात दाखवा," मी म्हटलं. तिने दाखवले. नखं वाढलेली, चुन्याने पांढरी. "नखं कापा. कोपरापर्यंत साबण लावा. आणि खाली हात लावायचा नाही, डोक्याशी बसायचं."

"अय्यो! डॉक्टरीण हाय का सासू?"

पार्वतीची खरी सासू दाराशी बसून हसली. "मावशी, मी बरी म्हण आता."

पण राजव्वाने निमूट हात धुतले. कमरेच्या पिशवीतून कसलीशी पूड काढली, ती मी जप्त केली. तिळाचं तेल मात्र राहू दिलं. ती पार्वतीची पाठ चोळायला लागली आणि खरं सांगते, त्या पोरीचा श्वास तेवढ्यानेच जरा सरळ झाला. मी पोटावर नळी टेकवून बाळाचे ठोके ऐकत होते. मधेच राजव्वाने कपाटाकडे बघितलं.

"बाई, तुझ्या दवाखान्यात कुलपं लई हाइत."

खरंच होतं. औषधांचं कपाट, लसींची पेटी, स्टोअर, रॉकेलचा डबासुद्धा. माझ्या नीटनेटकेपणाचा सगळ्या स्टाफला जाच होता.

"बाळंतीण अडली की घरातलं समदं उघडायचं असतं. कुलपं, गाठी, कणगीचं झाकण... दावणीची गुरंसुदा सोडायची. तुमच्यात न्हाई का करत?"

मला ही प्रथा ऐकून माहीत होती. मी पार्वतीकडे बघितलं. ती डोळे मोठे करून माझ्याकडेच बघत होती. तिला ते हवं होतं. भ्यालेल्या बाईचे स्नायू आखडतात हे काही अंधश्रद्धेत मोडत नाही. मी आमचे शिपाई इस्माईलचाचा यांना किल्ल्यांचा जुडगा दिला. "चाचा, सगळं उघडा."

"सगळं? बाई, तब्येत तो ठीक है ना?"

"उघडा."

खटाखट कुलपं उघडली. राजव्वाने पार्वतीची वेणी सोडली, बांगड्यांतला दोरा सोडला. मी माझ्या एप्रनची गाठसुद्धा सोडली. पण कळांमध्ये फरक पडला नाही. आणि मग बाळाचे ठोके मंद व्हायला लागले. कळ संपली तरी ते पुन्हा वर येत नव्हते. याचा अर्थ मला पक्का माहीत होता. मी चाचांना विचारलं, "गाडी?" ते रस्त्यावर डोकावून आले. "अभी नहीं, बाई."

राजव्वाचा हात पाठीवरच थांबला. ती पुटपुटली, "एक ऱ्हायलंय."

"काय राहिलं?"

"कुलूप. पाण्यावरचं."

मी वैतागले. आमची टाकी सिमेंटची, तिच्यावर पत्रा टाकलेला. कुलूप कसलं? "मावशी, इथे पाण्याला कुलूप नाही."

"हाय. मागं हाय."

चाचा दारात घुटमळले. "बाई... मागे पुरानी बावडी आहे. माझ्या आधीपासून बंद. काटे टाकलेत तिच्यावर, मोडक्या खाटा टाकल्यात. कुलूप आहे का नाही, मैंने तो कभी देखा नहीं."

"बघा जाऊन," मी म्हटलं. का म्हटलं, सांगता येणार नाही. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे एक. चाचांनी चावडीच्या जुन्या किल्ल्यांचा गंजका जुडगा आणि रॉकेलचा डबा घेतला आणि गेले.

खोलीत आम्ही चौघी. पार्वती डोळे मिटून पडलेली, ओठ कोरडे पडलेले. तिची सासू आता हसत नव्हती. भिंतीला टेकून महादेवाचं नाव घेत होती. मी नळीला कान लावून बसले होते. ठोके... मधे खंड... पुन्हा ठोके. बाहेरून काहीच आवाज येत नव्हता. दगडी भिंत हातभर जाड.

आणि पार्वती डोळे न उघडता म्हणाली, "उघडलं गं माय."

अगदी शांतपणे, झोपेत बोलावं तसं. राजव्वा दचकून उभीच राहिली. त्याच क्षणी माझ्या हाताखालचं पोट दगडासारखं कडक झालं, अशी कळ त्या दिवसात आली नव्हती. मी हातमोजा चढवून तपासलं, तर डोकं माझ्या बोटांखाली वळत होतं. पुढचं फार भराभर झालं. मुलगी झाली. निळसर, गप्प. मी तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तेव्हा कुठे ती रडली. पार्वतीला रक्तस्राव होऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं. मग चाचा आत आले. हात रॉकेलने काळे, आणि हातात एक मोठं, गंजलेलं कुलूप.

"काटों के नीचे लोखंडी जाळी होती, बाई. त्याला हे. रॉकेल पाजलं, मग आवाजही न करता उघडलं बघा."

चाकूरची गाडी आली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. तरी मी दोघींना तपासणीसाठी लातूरला पाठवलं.

आता तुम्ही विचाराल तेच मी स्वतःला विचारलं. अडकलेलं डोकं कधी कधी आपोआप वळतं. बाई निर्धास्त झाली की कळा सुधारतात. हे सगळं पुस्तकात आहे. राजव्वाला कुणी बावडीचं सांगितलं असेल? ती गावात पहिल्यांदाच आली होती, आणि कुलूप तर चाचांनाच माहीत नव्हतं. तिला ओल जाणवली असेल म्हणून मी बावडीत खडा टाकून पाहिला. खाली कोरडा ठक्क आवाज आला. पाण्याचा टिपूस नव्हता.

मी राजव्वाला विचारलं. "मावशी, खरं सांगा. कसं कळलं?"

"मला काय ठावं! तोंडातनं निघालं. मलाच भ्या वाटलं बघ." मग जवळ सरकून म्हणाली, "तू शिकलेली हाइस. तुला कळलं की मला सांग."

आणि पार्वती? ती "उघडलं" म्हणाली हे तिला आठवतच नव्हतं. चाचा बावडीवर काय करताहेत, हे तिला आतून कळण्याची सोय नव्हती. मी नंतर खोलीचं दार लावून आत बसले आणि चाचांना तेच कुलूप जाळीला लावून उघडायला सांगितलं. मला काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर सुईण बरोबर आली तर मी तिला आत घ्यायची. साबण, नखं, पूड बंद — नियम माझे. डोक्याशी बसणं आणि कुलपं — त्यांचं. एकदा लातूरचे साहेब तपासणीला आले. "डॉक्टर, औषधांचं कपाट उघडं?" मी म्हटलं, "बाळंतपण चालू आहे, सर." त्यांनी आतल्या बाईचं ओरडणं ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुपचूप आपल्या ब्रीफकेसचा खटका उघडून ठेवला.

मुलांनो, माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. राजव्वाला देण्यासारखं तर कधीच नव्हतं. ती गेली, इस्माईलचाचा गेले. चावडी पाडून तिथे नवी इमारत झाली, बावडी बुजवली. ते कुलूप कुणी भंगारात दिलं, कळलं नाही. पार्वती आहे. गुडघे दुखतात तिचे. चाकूरला त्याच मुलीजवळ राहते.