आईला ऐकू आलेली हाक

भुतंखेतं, देवरुशी, अंगात येणं – यातल्या कशाशीच माझं कधी जमलं नाही. लोणावळ्यात मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते, आणि पिंपळाखालून जाताना रामनाम घेणाऱ्या पोरींची भर वर्गात टिंगल करायची. त्यामुळे असलं काही मीच लिहायला बसले याचं हसू यायला हवं... येत नाही, ते सोडा.

घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. माझा थोरला भाऊ गणपतदादा लोणावळ्याच्या शेडला फायरमन होता. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावर कोळसा टाकायचं त्याचं काम. रेल्वेच्या चाळीत आम्ही तिघं राहायचो – दादा, आई आणि मी. आईचे दोन्ही कान मी लहान असतानाच विषमज्वरात गेले होते. ठार बहिरी. तिच्याशी बोलायचं म्हणजे खांदा हलवायचा, समोर उभं राहायचं आणि हातवारे करायचे.

ड्युटीची वेळ झाली की शेडमधून कॉलमन दारात येऊन हाक द्यायचा. त्या वर्षी दसऱ्यानंतर दादा हाक आलेली नसतानाच उठून डबा मागायला लागला. शेडला जायचा आणि "तुला कुणी बोलावलंय?" ऐकून परत यायचा. आम्हाला वाटलं, कामाचा शीण.

एके दुपारी मी भाजी निवडत होते, तर शेजारी येऊन बसला.

"शेवंते, हाक मारनारा आपला कॉलमन न्हाई. त्यो आदी खोकतो. मग म्हनतो, गणपत, चल, पाणी उतरलं."

बॉयलरमधलं पाणी उतरलं आणि खाली विस्तव तसाच राहिला, तर बॉयलर फुटतो. फायरमनला याहून मोठी भीती नाही.

"कुनाला बोलू नगं. आईला तर नगंच," म्हणाला. आईला कुठली सांगतेय मी? तिला काही समजवायचं तर अर्धी चाळ गोळा व्हायची.

मग घाटात ते झालं. बॉयलरच्या पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी नीट दिसत असताना दादानं भट्टीतला विस्तव ओढून खाली टाकला. गाडी चढावर अडकली. ड्रायव्हर इब्राहिमभाईंनी फोरमनला काहीबाही सांगून निभावून नेलं आणि संध्याकाळी स्वतः घरी आले. "मास्तरीणबाई, गणपत माज्या धाकट्या भावासारखा हाय. त्याला डॉक्टरला दाखवा. पुढच्या खेपेला मला झाकता यायचं न्हाई."

दादाचं काहीतरी बिघडलंय एवढंच आईला कळलं होतं; तिनं आधी तिच्या पद्धतीनं केलं. पवनेकडचा एक देवरुशी, लिंबं, अंगारा, कोंबडं. दादा निमूटपणे गेला, निमूटपणे आला. आल्यावर मला म्हणाला, "मला अजून कळतंय की ह्ये खरं न्हाई. कळतंय तवर मला न्या. फुडं मीच तुमाला नेऊ द्यायचो न्हाई."

रेल्वेच्या डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं आणि हे आपल्या आवाक्यातलं नाही असं सरळ सांगितलं. पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे न्या म्हणाले. "स्वतःहून येणारे फार थोडे. बाकीच्यांना बांधून आणतात, आणि तोवर उशीर झालेला असतो." इस्पितळाचं नाव ऐकून दादाचा चेहरा उतरला. पण म्हणाला, "नाव काय बी असंना. जाऊ."

जायच्या दिवशी लख्ख सकाळ होती. वळकटी बांधून झाली होती. आई आमच्याकडे पाठ करून चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. दादा पायात वहाणा घालत होता. आई एकदम उठली, पिठाचे हात तसेच, आणि दारात जाऊन उभी राहिली.

"गणपत, भायेर कोन खोकतंय रं? तुला बोलवतंय बघ. पाणी उतरलं म्हनतंय."

मी धावत बाहेर गेले. शेजारच्यांच्या कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

दादानं आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आई, तुला ऐकू आलं?"

त्याच्या चेहऱ्यावरून तिला समजलं असावं. "व्हय की."

दादा हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "म्हंजी मी येडा न्हाई, शेवंते!" त्यानं वळकटी सोडली. गाडी निघून गेली. मी रडले, पाया पडले, इब्राहिमभाईंनी हात जोडले... दादा पुन्हा म्हणून तयार झाला नाही. आईही त्याच्याच बाजूची झाली.

लेकाला जवळ ठेवायला तिनं थाप मारली असेल? मी तसं तोंडावर विचारलं. तिनं दादाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि थाप म्हटली, तरी ते खोकणं, ते पाणी तिला सांगितलं कुणी? दादा झोपेत बडबडला असेल म्हणावं, तर ऐकायला कान कुठले? त्यानंतर तिला कधी ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू आला नाही.

शिमग्याच्या सुमारास चौघांनी धरून दादाला पुण्याच्या गाडीत घातला. हात बांधलेले. कामशेतला गाडी थांबली तेव्हा त्यानं मला ओळखलं.

"आईला ऐकू आलं हुतं का न्हाई?"

"आलं होतं, दादा."

"मग मला का बांधलंय?"

तो पुण्याच्या इस्पितळातच वारला. घरी आला नाही.

पुढं आई रोज उंबऱ्यात बसून राहायची. मी खुणेनं आत बोलवायची. ती म्हणायची, "थांब. त्यो खोकनारा पुन्ना आला तर सांगते त्याला, गणपत हितं ऱ्हात न्हाई. मंग तरी सोडंल माज्या लेकराला." तो काही आला नाही. वाट बघत तीही गेली.

मी शिकलेल्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. कुणी हसलं, कुणी विषय बदलला. तो कोण होता हे आता मला कळलं नाही तरी चालेल. एवढंच कुणी सांगा – आईला ती हाक त्या सकाळी दादाला घेऊन गाडी सुटल्यावर का नाही ऐकू आली?