पाहुण्याच्या चादरी

माझी मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं आहे. मळकी चादर हातात घेतली की रोगी कुठल्या कुशीवर झोपला, रात्र कशी गेली, ती सांगते. डॉक्टर हसतात. मी तिच्याच हाताखाली काम करते आणि तिच्याच घरी झोपते, त्यामुळे मला हसायची सोय नाही.

आकाशातून उतरलेल्या त्या यानातून एकच पाहुणा जिवंत बाहेर निघाला. त्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. वीस दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. भाषेचे पंडित आले. आवाज ऐकवून झाले, दिवे लावून झाले, चित्रं दाखवून झाली, पाहुणा ढिम्म. शेवटी याला भाषाच नाही असं लिहून देऊन ते मोकळे झाले. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. एवढी शिकलेली माणसं, पण एकानेही खाली आमच्याकडे डोकावून पाहिलं नाही.

एकविसाव्या दिवशी त्याची चादर मशीनमध्ये टाकता टाकता मावशी थबकली. तिने ती टेबलावर पसरली.

"ही झोपून पडलेली चुणी नाही," ती म्हणाली. "नखाने दाबून घातलीय. आधी ही घडी, मग तिच्यावरून ही."

"मावशी, उगाच काहीतरी नको काढूस."

"अगं, कालच्या चादरीवरही वरच्या कडेला हीच ओळ होती. परवाच्याही. खालचं रोज बदलतं, वरचं तेच. रोज आधी हाक मारतोय तो, मग बोलतोय."

वीस दिवस तो बोलत होता, आणि वीस दिवस आम्ही ते धुऊन, वर कडक इस्त्री मारून, कोरं करून त्याच्याकडे परत पाठवत होतो.

"पंडितांना कळवू या," मी म्हणाले.

"कळव. पण ते येईपर्यंत कुणीतरी ओ द्यायला हवी ना?"

तिने कोरी चादर घेतली आणि वरच्या कडेला ती ओळ नखाने दाबून घातली. दुसरं तिला काही येत नव्हतं.

पाहुणा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मावशीने चादर त्याच्या अंगावर घातली. त्याची बोटं ओळीवरून फिरली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून फिरली. मग तो उठून बसला. त्याचे सगळे हात एकदम कामाला लागले, घडीवर घडी, इतकी भराभर की नजर ठरेना. मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. नर्सने हळूच वाडगा पुढे ठेवला. एका हाताने तो खाऊ लागला, उरलेले हात बोलतच राहिले.

पंडित धापा टाकत आले. "काय म्हणतोय तो?"

"ते तुम्ही बघा," मावशी डोळे पुसत म्हणाली. "आधी असतील नसतील तेवढ्या चादरी आणा. वीस दिवसांचं बोलणं तुंबलंय."