भास्करभावजींची अमावास्या

"अवो, भास्करभावजी उठंनात!" शेजारच्या सरूबाईंनी दारातूनच हाक मारली आणि मी लाटणं टाकून हातमागाकडे धावले. माझे धाकटे दीर मागाच्या बैठकीवर बसल्या जागीच गेले होते... हातात आडव्या धाग्याचा धोटा, शेजारी रिकामा कप. कप रिकामा होता, एवढंच समाधान. चहा अर्धा टाकणं त्यांना कधी जमलं नाही.

मी भवानी पेठेतल्या या घरात सून म्हणून आले, तेव्हा भावजी आमच्याशी बोलत नसत. त्यांना दुसरेच आवाज ऐकू यायचे. दिलेल्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत जायच्या. अमावास्या आली की सासूबाई त्यांना खोलीत कोंडून ठेवत. लांबच्या इस्पितळात त्यांना कायमचं ठेवून यायचं घरात जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी नवीन इंजेक्शन सुचवलं. औषध तिळाच्या तेलात असतं, हळूहळू अंगात उतरतं आणि महिनाभर पुरतं. पुढे बरे झाल्यावर भावजी म्हणायचे, "तिळाचं त्याल व्हय? मग भाकरीवरच घाला की!"

दिवस मी ठरवला, अमावास्येचा. मागाला सुट्टी, त्यामुळे विसरायला वाव नाही. पूर्वी ज्या दिवशी कोंडले जायचे, त्याच दिवशी भावजी धुतलेला सदरा घालून दवाखान्यात जाऊ लागले. येताना सगळ्यांना भजी आणत. डॉक्टर बाजू बदलायला सांगत, पण भावजी सुई हट्टाने डावीकडेच घेत आणि दुसऱ्या दिवशी उजवीकडे कलून विणत. "वैनी, आज अर्ध्या बुडावर काम हाय!"

एका अमावास्येला नेहमीचं औषध मिळालं नाही. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं खोकं दिलं, त्यावर नावही दुसरंच. भावजी दवाखान्यात अडून बसले. "हे माजं न्हाय. माज्यावर काय बी खपवू नका." सुई चुकली की त्यांना पुन्हा ते आवाज ऐकू येणार आणि इस्पितळाचं बोलणं पुन्हा निघणार. जुनं रिकामं खोकं मी पिशवीत ठेवलंच होतं. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी मांडली. वर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव, फ्लुफेनाझिन डेकॅनोएट. "कंपनी कुठलीही असू दे, खालचं नाव तेच राहतं. फक्त दोन्ही शब्द जुळले पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. भावजींना इंग्रजी येत नव्हतं. नक्षी जुळवावी तसं त्यांनी एकेक अक्षर जुळवलं... आणि हसले.

"म्हंजे आपल्या चादरीवानी की! इणणार मी, लेबल लावणार येपारी."

आणि मुकाट्याने पालथे झाले. पुढे औषधाच्या दुकानात ते कंपनीचं नाव घेतच नसत. ते दोन्ही शब्द ठणकावून सांगत.

परवाच्या अमावास्येला भजी मीच आणली. काल मागावर नवा विणकर आला. भावजींनी स्वतःसाठी विणलेली चादर मी बैठकीवर तशीच घडी करून ठेवली आहे, उजव्या अंगाला दबलेली. त्याने तिचा काठ उलटून पाहिला.

"वैनी, ही कुठल्या येपाऱ्याची? लेबल दिसंना."

"आमच्या भावजींची," मी म्हटलं. "राहू दे तिथंच."

तो चादरीवर बसला, धोटा हातात घेतला आणि नकळत उजवीकडे कलला.