पारावरची पोरं आणि माझं बांगड्यांचं दुकान

सखूचा हात माझ्या मुठीत होता, बांगडी नेमकी सांध्यावर आली होती, तेवढ्यात दारातून खडा आला.

बांगडी भरताना अंगठा तळव्याकडे दाबून हात निमुळता करावा लागतो, मग काच सांध्यावरून सरकते. त्या क्षणी गिऱ्हाइकाने हलायचं नसतं. सखू दचकली. काच फुटून मनगटात रुतली. सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरायला आली होती ती. रक्त पाहून तिची सासू दारकाबाई भिंतीला टेकली.

दुकान टेंभी नाक्यावर, समोरच्या पारावर तिथलीच पोरं बसली होती. मिसरूड फुटलेली, काम ना धंदा. कोणाचा हात गोरा, कोण कळवळली, हे मोठ्याने बोलत.

"काकू, आम्हालाही भरा की!" एकजण ओरडला. बाकीचे खिदळले.

यजमान माल घेऊन कल्याणच्या बाजाराला गेलेले. मी एकटी. सखूच्या मनगटाला चिंधी बांधली. बायका येईनाशा झाल्या की दुकान उठणार, हे कळत होतं.

जमादाराकडे गेले. तो म्हणाला, "पार काय तुमच्या मालकीचा आहे? बसले म्हणून कोणाला धरू?"

कासारणीला कोणत्याही घरात थेट माजघरापर्यंत जाता येतं. टोपली घेऊन मी त्या पोरांच्या घरी गेले. धाकधूक होतीच. माझं छप्पर गवताचं, पोरं चिडली तर काडी लावायला कितीसा वेळ? तरी आयांचे हात धरले आणि बांगड्या भरता भरता सगळं सांगितलं.

"आमचा गोविंदा? बाई गं! थांबा, त्याच्या बापाच्या कानावर घालते."

पोरांना मार बसला. पार मोकळा झाला. पण दुकानही मोकळंच राहिलं. शेवटी दारकाबाईला गाठून विचारलं.

"कशी येऊ, बाई? नाक्यावर बायकांनी फिरकायचं नाही, असं पुरुषांनी ठरवलंय. म्हणाले, पोरांना नावं ठेवता, आधी तुम्ही तिथं जाता कशाला?"

दिवाळीच्या आत दुकान बंद केलं. आता टोपली घेऊन दारोदार जाते. आडगल्लीत मागे पावलं वाजली की अजून टोपली आवळून झपाझपा चालू लागते.

पोराची तक्रार बापाकडे गेली की तो पोराला दोन थपडा देतो, आणि दाराला कडी बायकोसाठी घालतो.